टायटॅनियमचा खडबडीतपणा : दंतरोपणाच्या पृष्ठभागाची चर्चा कुठवर आली?

कुही तालुक्यातल्या माणसाला दाढ काढायची असेल तर जवळपास सोय होते. काढलेल्या दाढेच्या जागी हाडात रोवलेला पक्का दात हवा असेल, तर मात्र सुमारे ४० किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. तिथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगण्याच्या बाजूला खासगी दंत महाविद्यालये आहेत, आणि शहरभर दवाखाने आहेत. यांपैकी कुठेही गेले तरी टेबलावर एकसारखे दिसणारे दोन-तीन स्क्रू आणि त्यांच्या वेगवेगळ्या किमती समोर येतात. हा परदेशी, हा देशी. याचा पृष्ठभाग ‘एसएलए’, याचा ‘हायड्रोफिलिक’, त्याचा ‘ॲनोडाइज्ड’. रुग्ण मान डोलावतो. किमतीतला फरक बऱ्याच अंशी कंपनीच्या नावाचा असतो, पण काही भाग त्या राखाडी पृष्ठभागाचाही असतो.

हा पृष्ठभाग नेमके काय करतो, त्याबद्दल साठ वर्षांत काय सिद्ध झाले, काय अजून वादात आहे आणि आपल्या भागातल्या तोंडांना त्यातले किती लागू पडते, हे या लेखात मांडले आहे. कोणत्याही कंपनीची बाजू घेण्याचा किंवा कोणाला खोडून काढण्याचा हेतू नाही. जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितले आहे.

धातू एकच, थर वेगळा

टायटॅनियम आपल्याला परका नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे त्याचे खनिज सापडते. रोपणासाठी लागणारा शुद्ध धातू त्या वाळूपासून फार लांबच्या प्रक्रियेनंतर मिळतो, ही गोष्ट वेगळी. दंतरोपणात मुख्यतः दोन प्रकार वापरतात. पहिला व्यापारी शुद्ध टायटॅनियम, त्यातही सर्वांत कणखर अशी चौथी श्रेणी. दुसरा ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू. २००९पासून टायटॅनियम-झिर्कोनियमचा मिश्रधातूही बारीक व्यासाच्या रोपणांसाठी बाजारात आहे.

हाडाची गाठ मात्र यांपैकी कोणत्याच धातूशी थेट पडत नाही. टायटॅनियम हवेत उघडा पडला की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. हा थर खरवडला तरी पुन्हा तयार होतो, गंजू देत नाही आणि शरीरात फारसा विरघळत नाही. रक्त, प्रथिने आणि पेशी यांना जो टायटॅनियम भेटतो तो हा थर. त्यामुळे पृष्ठभागावरील प्रक्रियांचा सगळा खटाटोप दोन गोष्टींभोवती फिरतो : या थराचा आकार, म्हणजे खड्डे, उंचवटे, छिद्रे, आणि त्याचे रसायन, म्हणजे तो किती स्वच्छ आहे, पाण्याला किती जवळ करतो, त्यात बाहेरचे कोणते घटक मिसळले आहेत.

गुळगुळीत रोपणांचा काळ

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेली टायटॅनियमची निरीक्षण-नळी परत काढायला गेले तर ती निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. १९६५ साली गोटेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसवली, आणि ती त्या माणसाने मरेपर्यंत, ४० वर्षांहून अधिक काळ वापरली. १९७७ साली त्यांच्या गटाने दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. हाड आणि धातू यांच्या थेट जोडणीसाठी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हा शब्द त्याच सुमारास रूढ झाला. १९८२च्या टोरँटो परिषदेनंतर उत्तर अमेरिकेने हे तंत्र स्वीकारले.

पुढच्या सगळ्या वादात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ही सुरुवातीची रोपणे लेथवर कातलेली होती आणि त्यांच्यावर दुसरी कोणतीही प्रक्रिया केलेली नव्हती. पृष्ठभाग आजच्या मानाने गुळगुळीत, त्यावर कातण्याच्या बारीक रेषा तेवढ्या. तरीही दशकानुदशके टिकल्याचा सर्वांत जुना पुरावा याच रोपणांचा आहे.

अडचण दुसरीकडे होती. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड दाट असते, तिथे ही रोपणे उत्तम बसत. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातले हाड मऊ आणि जाळीदार. तिथे अपयश जास्त येई. शिवाय थांबावे फार लागे : खाली सुमारे तीन महिने, वर सहा, आणि त्यानंतर कॅप. १९८१ साली टॉमस आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी हाड धरण्यासाठी सहा गोष्टी महत्त्वाच्या म्हणून मांडल्या : धातू, रोपणाचा आकार, पृष्ठभाग, हाडाची अवस्था, शस्त्रक्रियेची पद्धत आणि त्यावर ताण कधी व कसा येतो. पृष्ठभाग हा या सहांपैकी एक. हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण पुढच्या जाहिरातींनी ते बदलून टाकले.

खडबडीतपणाकडे

गिलावा करण्याआधी गवंडी जुन्या भिंतीला टोचे पाडतो, म्हणजे सिमेंट धरून राहते. पृष्ठभाग खडबडीत करण्यामागची पहिली कल्पना इतकीच सरळ होती. स्वित्झर्लंडमध्ये आंद्रे श्रोएडर आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात वितळलेल्या टायटॅनियमचे कण प्लाझ्माच्या झोताने रोपणावर फवारले. पृष्ठभाग खूपच खरखरीत झाला, हाडाने चांगले धरले. पण बसवताना वरचे कण सुटत. आणि हिरडी मागे सरून तो भाग तोंडात उघडा पडला, तर त्यावर साचलेले जंतू निघता निघत नसत.

दुसरी वाट हाडाच्याच खनिजाची. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप दिला तर हाड त्याकडे लवकर सरकते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. १९८०च्या दशकात असे लेप लोकप्रिय झाले. काही वर्षांनी लेप धातूपासून सुटल्याच्या, विरघळल्याच्या आणि उशिरा आलेल्या अपयशांच्या बातम्या येऊ लागल्या आणि हे लेप मागे पडले. सुरुवातीचा वेग हा दूरच्या टिकावाचा पुरावा नव्हे, हे या क्षेत्राला इथे पहिल्यांदा कळले. पुढे पुन्हा कळण्याची वेळ आली.

मग लेप चढवण्याऐवजी धातूच कोरण्याकडे ओढा वळला. त्यात तीन मार्ग ठरले.

पहिला मारा करण्याचा. ॲल्युमिना किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जोराने पृष्ठभागावर मारतात, त्याने खड्डे पडतात. ॲल्युमिनाचे कण धातूत रुतून राहतात ही त्यातली कुरबुर. ते हाडाला अपाय करतात का, यावर उलटसुलट निष्कर्ष आहेत. म्हणून काही उत्पादक पुढे विरघळून जाणारे कॅल्शियम फॉस्फेटचे कण वापरू लागले.

दुसरा आम्लाचा. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात रोपण बुडवले की एक-दोन मायक्रॉनचे बारीक खळगे पडतात. आधी मोठ्या कणांचा मारा आणि नंतर आम्ल, ही जोडी म्हणजे एसएलए. १९९१ साली डॅनियल बुसेर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर केलेला प्रयोग याचा पाया समजला जातो. गुळगुळीत, पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला २० ते २५ टक्के जागी हाड भिडले होते. एसएलएला ५० ते ६० टक्के. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटला त्याहून जास्त, ६० ते ७० टक्के, पण तो लेप झिजू लागल्याच्या खुणाही दिसल्या होत्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एसएलए रोपणे वैद्यकीय वापरात आली आणि थांबण्याचा काळ महिन्यांवरून सुमारे सहा आठवड्यांवर आला. आज देशी-परदेशी बहुतेक उत्पादकांकडे एसएलएसारखा काहीतरी पृष्ठभाग असतो. नाव तेच वापरतात, आम्लाची तीव्रता, तापमान, वेळ आणि धुण्याची रीत मात्र ज्याची त्याची.

तिसरा मार्ग ॲनोडायझिंगचा. विद्युत्‌द्रावणात रोपणाला धन ध्रुव करून दाब वाढवत नेला की नैसर्गिक काही नॅनोमीटरचा ऑक्साइड थर वाढून मायक्रॉनच्या घरात जाड होतो आणि त्यात ज्वालामुखीच्या तोंडासारखी छिद्रे तयार होतात. द्रावणातले फॉस्फेटसारखे घटक थरात शिरतात. सन २०००च्या आसपास हा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणावर बाजारात आला. मऊ हाडात त्याने चांगले निकाल दाखवले, आणि पुढे वादाच्या केंद्रस्थानीही तोच आला.

लेझरने रोपणाच्या गळ्याला आठ-बारा मायक्रॉनच्या चऱ्या पाडण्याची पद्धतही आहे. तिचा रोख हाडापेक्षा हिरडीच्या तंतूंवर आहे. इथे एवढेच पुरे.

किती खडबडीत म्हणजे बरोबर?

खडबडीतपणा हा मोजण्याचा विषय आहे आणि मोजण्याची भाषाच बराच काळ एक नव्हती. अ‍ॅन वेनरबर्ग आणि आल्ब्रेक्टसन यांनी ती घडवली. पृष्ठभागाच्या उंच-सखलपणाची क्षेत्रीय सरासरी, एस-ए, ०.५ मायक्रॉनहून कमी असेल तर गुळगुळीत, ०.५ ते १ किंचित खडबडीत. १ ते २ मध्यम खडबडीत. २च्या वर खडबडीत. ब्रोनेमार्कची कातलेली रोपणे दुसऱ्या गटात, फवारलेली शेवटच्या, आणि आजची बहुतेक एसएलए व ॲनोडाइज्ड रोपणे तिसऱ्या गटात येतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाडाची पकड मध्यम खडबडीत पृष्ठभागावर सर्वांत चांगली आढळली. त्याच्या पुढे खडबडीतपणा वाढवून फायदा मिळत नाही. या मुद्द्यावर आता फारसे दुमत उरलेले नाही.

उरला आहे तो वेगळाच पेच. एस-ए सारखे असलेले दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निराळे दिसू शकतात : एकावर धारदार शिखरे, दुसऱ्यावर गोल खळगे. पेशींना सरासरी समजत नाही. शिवाय रोपणाच्या पाकिटावर व्यास, लांबी, लॉट क्रमांक आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत असते. खडबडीतपणाचा आकडा सहसा नसतो.

पाण्याची ओढ आणि धातूचे ‘वय’

एसएलए पृष्ठभागाची एक उणीव नंतर लक्षात आली. कोरड्या पाकिटातल्या या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही, मण्यासारखा बसून राहतो. स्पर्शकोन जवळजवळ १४० अंश भरतो. कारण हवेतले कार्बनयुक्त अंश टायटॅनियमवर सतत बसत असतात. हाच पृष्ठभाग आम्लानंतर नायट्रोजनच्या आवरणात धुऊन मिठाच्या पाण्यात बुडवून साठवला, तर तो पाणी क्षणात ओढून घेतो; ‘हायड्रोफिलिक’ म्हणतात तो हाच. २००४ साली बुसेर यांच्या गटाने डुकरांवर दाखवले की दोन आठवड्यांनी अशा पृष्ठभागाला सुमारे ४९ टक्के हाड भिडते, तर कोरड्या एसएलएला सुमारे २९ टक्के; चार आठवड्यांनी ८२ विरुद्ध ६७. त्यावरून तीन-चार आठवड्यांत दात बसवण्याची भाषा सुरू झाली.

कॅलिफोर्नियात ताकाहिरो ओगावा यांनी हाच धागा वेगळ्या बाजूने पकडला. तयार होऊन चार आठवडे पडून राहिलेला टायटॅनियम ताज्या टायटॅनियमइतका हाडाला जवळ करत नाही. त्यांनी याला धातूचे वार्धक्य म्हटले. बसवण्याआधी अतिनील प्रकाश दिला तर कार्बन उडतो आणि पृष्ठभाग पुन्हा ताजा होतो. प्लाझ्माची छोटी यंत्रेही हेच करू पाहतात.

प्रयोगशाळेतला हा पुरावा मजबूत आहे. माणसांवर मात्र फरक आकसतो, आणि त्याचे कारण सोपे आहे. चांगल्या हाडात, नीट बसवलेल्या साध्या रोपणाचे यशच ९५ टक्क्यांच्या वर असते. त्यात सुधारणा दिसायला जागा किती? फायदा असेल तर तो सुरुवातीच्या काही आठवड्यांतला आहे, जेव्हा बसवताना मिळालेली यांत्रिक पकड सैल होत असते आणि नव्या हाडाची पकड अजून यायची असते. मऊ हाड, मधुमेह, लगेच ताण देण्याची गरज अशा ठिकाणी तो मोलाचा ठरू शकतो. सर्वांसाठी तो आवश्यक आहे असे म्हणण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

दहा वर्षांनंतरचा प्रश्न

आतापर्यंतची सगळी चर्चा हाड लवकर आणि घट्ट कसे धरेल याची होती. २००० नंतर वादाचा रोख बदलला. हाड धरते, हे ठरले. ते राहते का? रोपणाभोवतीच्या हिरडीला सूज येऊन खालचे हाड झडत जाते, त्याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. जंतूंना खडबडीत जागा आवडते, हे कोणीही मान्य करील. म्हणजे ज्या गुणामुळे हाड धरते त्याच गुणामुळे पुढे ते जाते का?

या प्रश्नावर तीन बाजू आहेत.

पहिली बाजू म्हणते, होय, धोका आहे. टोर्ड बेर्गलुंड आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. रोपणाच्या गळ्याला दोरा बांधून मुद्दाम जंतू साचू दिले, हाड झडू दिले, मग दोरा काढून टाकला आणि आजार आपोआप थांबतो का ते पाहिले. २००७च्या प्रयोगात पॉलिश केलेल्या रोपणांपेक्षा एसएलए रोपणांभोवती झीज जास्त पुढे सरकली. २००९मध्ये याच गटाने चार पृष्ठभाग तपासले तेव्हा झीज सगळ्यांभोवती चालू राहिली, पण ॲनोडाइज्ड पृष्ठभागाभोवती सर्वांत जास्त. २०१४च्या कॉक्रेन आढाव्याने २७ चाचण्या आणि १,५१२ रुग्ण तपासून म्हटले की एखादे रोपण दुसऱ्याहून दीर्घकाळ सरस असल्याचा पुरावा नाही. जुनाट संसर्गाने होणारी हाडाची झीज तुलनेने गुळगुळीत पृष्ठभागावर कमी असल्याचा मर्यादित पुरावा आहे.

दुसरी बाजू म्हणते, प्राण्यांवरचा दोऱ्याचा प्रयोग कृत्रिम आहे आणि माणसांचे आकडे वेगळे बोलतात. बर्नमध्ये बुसेर यांच्या गटाने ३०३ रुग्णांमधली ५११ एसएलए रोपणे दहा वर्षांनी तपासली. ९८.८ टक्के टिकली होती, पेरि-इम्प्लांटायटिस १.८ टक्के. या आकड्यांवर बोट ठेवता येते, आणि ठेवलेही गेले : निवडलेले रुग्ण, निष्णात हात, नियमित देखरेख. त्याच्या शेजारी स्वीडनची पाहणी ठेवावी. यान डेर्क्स यांच्या गटाने २०१६ साली देशभरातल्या साध्या दवाखान्यांत रोपण झालेल्या ४२७ जणांना नऊ वर्षांनी तपासले, १४.५ टक्के रुग्णांत मध्यम ते तीव्र पेरि-इम्प्लांटायटिस सापडला, आणि सौम्य धरला तर ४५ टक्क्यांत. उत्पादकानुसारही फरक होते, पण उत्पादक बदलला की पृष्ठभागाबरोबर आकार, जोड आणि बसवणारा हातही बदलतो. त्यातून पृष्ठभाग एकटा वेगळा काढता येत नाही.

बर्नचा १.८ आणि स्वीडनचा १४.५, यांतला फरक मला पृष्ठभागापेक्षा देखभालीबद्दल अधिक सांगतो.

तिसरी बाजू आल्ब्रेक्टसन यांची, आणि ती दोघांनाही अडचणीत टाकते. त्यांच्या मते रोपण हे शरीराला परकेच राहते. हाड त्याला ‘स्वीकारत’ नाही, भोवती भिंत घालून तात्पुरता समतोल साधते. हा समतोल जंतूंशिवायही बिघडू शकतो : शिल्लक राहिलेले सिमेंट, चुकीचा ताण, रुग्णाच्या प्रकृतीतले बदल. जंतू मग नंतर येतात. हिरड्यांच्या आणि रोपणांभोवतीच्या आजारांवरच्या २०१७च्या जागतिक कार्यशाळेने ठरवलेल्या पेरि-इम्प्लांटायटिसच्या व्याख्येत जंतूंचा थर हे मूळ कारण मानले आहे, त्यामुळे ही बाजू आज अल्पमतात आहे. पण हिरडीत सापडणाऱ्या टायटॅनियमच्या कणांमुळे ती जिवंत राहिली. हे कण आजारामुळे सुटतात की आजार त्या कणांमुळे होतो, याचा निकाल लागलेला नाही.

या वादाचा व्यावहारिक परिणाम मात्र दिसतो. अनेक उत्पादकांनी संमिश्र रोपणे आणली : गळ्याकडचा भाग गुळगुळीत, हाडात जाणारा खडबडीत. एका अर्थाने श्रोएडरच्या फवारणीनंतर घेतलेला धडा पुन्हा गिरवला गेला. आजारी रोपण साफ करण्यासाठी टायटॅनियमचे ब्रश, ग्लायसिनच्या पावडरचा झोत, उघडे आटे घासून गुळगुळीत करणे, असे उपाय आहेत. खडबडीत पृष्ठभाग पुरता निर्जंतुक करणारा एकही उपाय अजून सर्वमान्य नाही.

नॅनोच्या घरात

पुढचे संशोधन मुख्यतः नॅनोनळ्यांवर चालू आहे. फ्लोराइडच्या द्रावणात ॲनोडायझिंग केले की टायटॅनियम डायऑक्साइडच्या सरळ उभ्या नळ्या तयार होतात, आणि त्यांचा व्यास विद्युत्‌दाबाने ठरवता येतो. व्यास किती असावा यावरच भांडण आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २००७ साली १५ नॅनोमीटर उत्तम आणि १०० नॅनोमीटरवर पेशी मरतात, असे दाखवले. २००९ साली सॅन डिएगोच्या गटाला ७० ते १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर मूलपेशी हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. नळ्या कशा बनवल्या, कसे उष्णोपचार दिले, पेशी कोणत्या, यांतल्या फरकांनी हा विरोध काहीसा उलगडतो, पूर्ण नाही. नळ्यांत चांदी किंवा प्रतिजैविके भरण्याचे प्रयोगही खूप झाले. ती किती दिवस पाझरतील आणि संपल्यावर काय, हा साधा प्रश्न बहुतेक निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात ढकललेला असतो.

आपल्या भागातले तोंड

हे सगळे प्रयोग ज्या तोंडांवर झाले ती तोंडे कुही, मांढळ किंवा उमरेडची नव्हती. विदर्भात तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा नागपूर जिल्ह्याच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. धूम्रपानाबद्दल पुरावा आहे : अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००८च्या अभ्यासात धूम्रपानाचा रोपणाच्या अपयशाशी संबंध गुळगुळीत रोपणांत आढळला, खडबडीत रोपणांत नाही. पृष्ठभागाच्या बाजूने हा वजनदार मुद्दा आहे. मात्र चघळण्याच्या तंबाखूवर असे अभ्यास फारच थोडे आहेत, आणि धुराचा निष्कर्ष तसाच खर्ऱ्याला लावता येत नाही. खर्ऱ्याचा तोबरा तासन्‌तास एकाच गालात, एकाच हिरडीशी असतो. सुपारीने तोंड उघडणे कमी झाले असेल, तर पृष्ठभागाचा प्रश्न येण्याआधीच हत्यार आत जाण्याची अडचण येते.

दुसरी गोष्ट फ्लोराइड. विदर्भातल्या काही भागांतल्या भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त आहे, आणि टायटॅनियम फ्लोराइडने गंजतो हे खरे; म्हणून लोक विचारतात. गंजण्यासाठी तीव्र फ्लोराइड आणि आम्लता दोन्ही लागतात. पिण्याच्या पाण्यातले प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. साध्या फ्लोराइड टूथपेस्टलाही घाबरण्याचे कारण नाही. दवाखान्यात दातांना लावतात ते आम्लयुक्त फ्लोराइड जेल मात्र रोपणावर टाळावे. त्याची तीव्रता १.२३ टक्के आणि पीएच साडेतीनच्या आसपास असतो.

तिसरी गोष्ट आपल्या संशोधनाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दंतवैद्यकातला एमडीएस अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. विषय ठरवणे, नैतिक समितीची परवानगी आणि लिखाण यांत वेळ गेल्यावर रुग्ण पाहायला वर्ष-दीड वर्ष उरते. त्यामुळे आपल्याकडच्या प्रबंधांत दोन पृष्ठभागांची तुलना सहा किंवा बारा महिन्यांची असते : कंपनाने मोजलेली पकड आणि एक्स-रेवरची हाडाची पातळी. एवढ्या काळात जवळजवळ सगळेच पृष्ठभाग चांगले दिसतात. वाद दहाव्या वर्षाचा आहे आणि आपला पुरावा पहिल्या वर्षाचा. दोष विद्यार्थ्यांचा नाही. एका तुकडीचे रुग्ण पुढच्या तुकडीने पाहायचे, अशी नोंदवही विभागाने ठेवली तर हे बदलू शकते.

यंत्रणेचा तुटवडा तसा नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा जुना विभाग आहे. वैद्यकीय उपकरणांसाठी आयआयटी मुंबईने उभारलेल्या बेटिक या उपक्रमाचे एक केंद्रही तिथे आहे. दिल्लीत आयआयटी आणि मौलाना आझाद दंत संस्था यांनी मिळून देशी दंतरोपण विकसित केले, त्यावरून दंतवैद्य आणि अभियंते एका टेबलावर बसू शकतात हे दिसले. स्पर्शकोन, खडबडीतपणा, पृष्ठभागाची स्वच्छता या गोष्टी प्रयोगशाळेत मोजता येण्याजोग्या आहेत. युरोपातल्या पाहण्यांत सीलबंद पाकिटातल्या काही रोपणांवर सेंद्रिय कण आणि धातूचे अवशेष सापडले होते, तेव्हा आपल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या रोपणांची तशी स्वतंत्र तपासणी व्हायला हरकत नसावी. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८पासून लागू आहेत. त्यांनी परवान्याची चौकट दिली. पृष्ठभागाचा आकडा पाकिटावर छापणे हे त्यापुढचे पाऊल ठरेल.

आज काय म्हणता येईल

मध्यम खडबडीत पृष्ठभाग कातलेल्या पृष्ठभागापेक्षा हाड लवकर आणि मऊ हाडातही चांगले धरतो, हे ठरले आहे. एसएलए आणि ॲनोडाइज्ड यांपैकी कोणता सरस, हे ठरलेले नाही, आणि चांगल्या हाडात ठरण्याची शक्यताही कमी आहे. जास्त पाणी ओढणारे पृष्ठभाग सुरुवातीचे आठवडे वाचवतात. वर्षे वाचवतात का, हे कळायला वेळ आहे. खडबडीतपणामुळे पुढे आजार वाढतो का, यावर प्राण्यांचे आणि माणसांचे पुरावे अजून जुळत नाहीत. नॅनोनळ्या प्रयोगशाळेतून बाहेर यायच्या आहेत.

गावाकडच्या रुग्णाच्या दृष्टीने तीन आठवडे की सहा, हा फरक मला लहान वाटतो. आठव्या वर्षी हिरडी सुजली आणि तो वेगळ्याच डॉक्टरपुढे बसला, तर तोंडात कोणते रोपण आहे हे त्या डॉक्टरला कळणार का, हा प्रश्न मोठा आहे. आटे, जोड आणि पृष्ठभाग कंपनीगणिक वेगळे. माहिती नसेल तर साफ करणेही अंदाजाने आणि सुटे भाग मागवणेही अंदाजाने. प्रत्येक रोपणाच्या पाकिटात कंपनीचे नाव, मापे आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर येते. रोपण बसवून घेणाऱ्याने ते मागून घ्यावे, आधार कार्डाच्या पाकिटात ठेवावे, आणि दर सहा महिन्यांनी हिरडी तपासून घ्यावी.